दुर्बिणीचे ऑपरेशन आणि चिठ्ठीचा कौल
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी बाहेरच्या कोणी विद्वान बाई येऊन आपल्याला चार शब्द सांगतात. यंदा घरच्याच बायकांनी बोलायचे ठरले आणि पाळी माझ्यावर आली. मी सातवी शिकलेली. चिटणीसबाई म्हणाल्या, "लोणच्या-मुरंब्यांवर बोला, तुमचा हातखंडा आहे." पण मला बोलायचे आहे ते पोटातल्या एका जागेविषयी. तिचे नाव चारचौघींत काढायला आपण लाजतो. ती जागा म्हणजे मोठे आतडे आणि त्याचा शेवटचा भाग, गुदाशय. तिथे होणारा कॅन्सर आणि त्यावरचे दुर्बिणीचे ऑपरेशन, हा माझा आजचा विषय. कोणी पदर तोंडाला लावून हसल्या तरी चालेल, पण ऐकून घ्या.

माझी भाची शस्त्रक्रियेच्या वॉर्डात परिचारिका आहे. तिने मोठमोठ्या देशांतल्या डॉक्टरांचे इंग्रजी कागद वाचून मला मराठीत समजावले आणि मी वहीत उतरून घेतले. आज जे आकडे सांगीन ते त्या वहीतले.

हे सगळे मी कशाला करीत बसले, ते सांगते. माझ्या थोरल्या जाऊबाईंना आठ महिने शौचातून रक्त जात होते. त्यांनी ते कोणाला सांगितले नाही. शेवटी सांगितले तेव्हा एका डॉक्टरांनी बोटाने तपासणीसुद्धा न करता मूळव्याध म्हणून मलम दिले. अंगात रक्त कमी झाले, तेव्हा आम्हीच म्हणालो की बाईमाणूस, वयाप्रमाणे होते असे. पुढे दुसरीकडे आतड्यात दुर्बीण घालून पाहिले तेव्हा डाव्या बाजूला गाठ निघाली. सर्जन म्हणाले, "पोट फाडायला नको, दुर्बिणीने करू." आणि आमच्या घरात दोन तट पडले. थोरले भाऊजी म्हणाले, पैसे मोजायचे ते अर्धवट ऑपरेशनासाठी का? जाऊबाई मला म्हणाल्या, "अगं, माझं पोट उघडून सगळं नीट बघू देत गं बाई. भोकातून त्यांना काय दिसणार?"

हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. जगातल्या मोठमोठ्या सर्जनांना हाच प्रश्न पडला होता, आणि त्याचे उत्तर मिळायला दहा वर्षांहून जास्त काळ लागला.

आधी हे ऑपरेशन कसे करतात ते सांगते. पोटात नळीने कार्बन डाय ऑक्साइड वायू भरतात, म्हणजे पोट तंबूसारखे उंच होते आणि आत जागा होते. अर्ध्या ते सव्वा सेंटिमीटरची चार-पाच भोके पाडतात. एकातून कॅमेरा जातो, बाकीच्यांतून लांब दांड्याची हत्यारे. सर्जन पडद्यावर पाहून काम करतात. आतड्याचा रोगट तुकडा सुटा झाला की तो काढायला लहानशी चीर द्यावी लागते, कारण एवढा तुकडा भोकातून येत नाही. टाके आत तेवढेच असतात. आत काही कमी करतात असे नाही, कमी असते ती बाहेरची चीर.

पित्ताशयाचे ऑपरेशन असे करणे जर्मनीत १९८५ साली सुरू झाले. मोठ्या आतड्याची पहिली ऑपरेशने १९९० साली अमेरिकेत मायामीला झाली. सगळ्यांना मोठी हौस वाटली. पण थोड्याच वर्षांत भीतीची बातमी आली. ज्या भोकांतून हत्यारे घातली, त्याच जागी कातडीखाली पुन्हा कॅन्सरच्या गाठी येऊ लागल्या. हॉलंडमधल्या डॉक्टरांनी १९९४ साली प्रसिद्ध केले की त्यांच्या १४ रुग्णांपैकी तिघांना असे झाले. चौदांत तीन, बायांनो! त्या लिहिणाऱ्यांत बोंयर नावाचे एक सर्जन होते. आपल्याच हातच्या कामातले हे वाईट त्यांनी लपवले नाही. पुढे युरोपात या प्रश्नाचा निकाल लावायला जी दोन मोठी संशोधने झाली, त्यांत पुढाकार याच माणसाचा. मला हे फार मोलाचे वाटते.

आता निकाल कसा लावायचा? डॉक्टरांनी आपल्या मर्जीने ठरवले तर सडपातळ, तब्येतीने बऱ्या अशा बाईला दुर्बीण मिळणार आणि जाड, थकलेल्या बाईचे पोट उघडले जाणार. मग दुर्बीण चांगली ठरणारच, पण ती ठरली कशाने? म्हणून चिठ्ठी टाकतात. आपल्या भिशीत टाकतो तशीच. ज्या रुग्णाला दोन्ही ऑपरेशने चालण्यासारखी आहेत, तिला सगळे समजावून विचारतात आणि ती हो म्हणाली तरच तिचे नाव चिठ्ठीत घालतात. कोणाच्या वाट्याला काय येईल ते डॉक्टरांच्याही हातात नसते. आता ते काम यंत्र करते, पण तत्त्व भिशीचेच. नको म्हणणाऱ्या रुग्णाचेही उपचार अडत नाहीत, हेही लक्षात ठेवा. असा कागद कधी तुमच्यापुढे आला तर घाईने अंगठा करू नका आणि घाबरून पळूही नका. वाचून घ्या, विचारा.

बार्सिलोना शहरातल्या एका रुग्णालयाने २१९ रुग्णांवर असे केले. २००२ साली त्यांनी सांगितले की दुर्बिणीवाले उलट जास्तच बरे राहिले. पण एकच रुग्णालय, थोडे रुग्ण. अमेरिकेतल्या ४८ रुग्णालयांचे संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले, त्यात ८७२ रुग्ण होते. तीन वर्षांत कॅन्सर परतला तो दुर्बिणीच्या गटात शंभरांत १६ जणांना आणि पोट उघडलेल्या गटात १८ जणांना. जिवंत होते शंभरांत ८६ आणि ८५. म्हणजे बरोबरी. जखमेच्या जागी गाठ येण्याची ती भीती? दोन्ही गटांत शंभरांत एकालाही नाही.

यात एक गोम आहे. त्या संशोधनात भाग घ्यायला प्रत्येक सर्जनने निदान वीस अशी ऑपरेशने आधी केलेली असावी लागत, आणि त्याचे काम चित्रफितीवर तपासले जाई. पहिल्या दिवसांत गाठी आल्या त्यात हाताच्या सवयीचाही भाग असावा, असे माझी भाची म्हणते, आणि मला ते पटते. पहिलटकरणीची पुरणपोळी कशी फुटते? आणि शंभरांत २१ जणांचे दुर्बिणीने सुरू केलेले ऑपरेशन मध्येच सोडून पोट उघडावे लागले. तसे झाले तर घरच्यांनी "फसवले" म्हणून ओरडू नये. अडल्यावर पोट उघडणे हे शहाणपणच.

मी वहीत सर्वांत मोठी चौकट केली आहे ती डेन्मार्कच्या एका लहान संशोधनाभोवती. तिथले डॉक्टर केलेट यांनी पूर्वीच्या सगळ्या रीती उलट्या केल्या होत्या. ऑपरेशननंतर लवकर खायला द्यायचे, लवकर उठवून चालवायचे, नाकातली नळी उगाच ठेवायची नाही, वेदना नीट आवरायच्या. मग त्यांनी ६० रुग्ण घेतले, निम्म्यांचे दुर्बिणीने केले, निम्म्यांचे पोट उघडून, आणि सगळ्यांच्या पोटावर सारखीच मोठी पट्टी लावली. पट्टीखाली काय आहे ते ना रुग्णाला ठाऊक, ना त्याची पाहणी करणाऱ्यांना! २००५ साली निकाल आला. दोन्ही गटांतले रुग्ण साधारण दोन दिवसांतच घरी जाण्याजोगे झाले. बहुतेक म्हातारी माणसे होती, बरे का. म्हणजे लवकर बरे होण्याचे जे श्रेय आपण हत्याराला देतो, त्यातले पुष्कळसे शुश्रूषेचे आहे. पेजेचे आहे आणि चालण्याचे आहे. आपल्याकडे अजून कितीतरी घरांत वारा सरेपर्यंत पाण्याचा थेंब देत नाहीत आणि बाईला अंथरुणावरून हलू देत नाहीत. डॉक्टरांनी उठवायला सांगितले तरी सासूबाई "राहू दे गं" म्हणतात. माया खरी, पण ती इथे नको.

हे झाले मोठ्या आतड्याचे. गुदाशयाचे प्रकरण निराळे आहे. कमरेच्या हाडांच्या अरुंद कोंदणात ते बसलेले असते आणि आत हात चालायला जागा नसते. ८ देशांतल्या १०४४ रुग्णांचा निकाल २०१५ साली आला, तो बरोबरीचा. रोग त्याच जागी परतला तो दोन्ही गटांत शंभरांत पाच जणांना. पण त्याच वर्षी अमेरिकेच्या आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी सांगितले की तुकडा नीट स्वच्छ निघण्याच्या बाबतीत दुर्बीण कमी नाही असे आम्हाला सिद्ध करता आले नाही. २०१९ साली त्यांनीच पुढची पाहणी करून सांगितले की रोग परतण्यात मोठा फरक दिसला नाही. तरीही इथे सर्जनचा सराव फार पाहावा लागतो.

नॉर्वेची हकीकत तर ऐकाच. तिथे खालून, गुदद्वाराच्या वाटेने, दुर्बिणीने ऑपरेशन करण्याची नवी तऱ्हा आली. तो देश अशा प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवतो. १५७ रुग्णांपैकी १२ जणांना रोग त्याच जागी परतला, तोही लवकर आणि वेगळ्याच तऱ्हेने. हे दिसताच त्यांनी ते ऑपरेशन देशभर थांबवले. वही नीट ठेवली नसती तर हे कळले असते का? घरखर्चाची वही ठेवणाऱ्या बाईला हे सांगायला नको.

आता यंत्रमानव आला आहे, त्याला रोबो म्हणतात. हत्यार यंत्राच्या हातात, यंत्र सर्जनच्या हातात. २०१७ साली ४७१ रुग्णांच्या संशोधनात साध्या दुर्बिणीपेक्षा त्याचा ठळक फायदा दिसला नाही. चीनमधल्या ११ रुग्णालयांच्या अलीकडच्या संशोधनात मात्र गुदाशयाचा रोग त्याच भागात परतण्याचे प्रमाण तीन वर्षांत शंभरांत ४ वरून १.६ वर आले. तेव्हा याला निव्वळ श्रीमंतांची चैन म्हणून सोडून देता येत नाही. पण खर्च पाहता, आपल्यासारख्यांनी दागिने मोडून त्याच्यामागे धावावे असेही मला वाटत नाही. चांगला सर्जन आधी, यंत्र मागून.

जाऊबाईंना मी हे सारे वाचून दाखवले. भाऊजींनी सर्जनना तोंडावर विचारले की तुम्ही अशी किती केलीत, आणि ते रागावले नाहीत, आकडा सांगितला. ऑपरेशन दुर्बिणीने झाले. दुसऱ्या दिवशी त्या माझा हात धरून खोलीच्या दारापर्यंत चालल्या आणि मुगाचे कढण प्यायल्या. तपासण्या अजून चालू आहेत, त्या पाच वर्षे चालायच्या. ते आठ महिने मात्र कोणत्याही दुर्बिणीने परत आणता येत नाहीत.

शौचातून रक्त जाणे बहुतेक वेळा मूळव्याधच असते, हे खरे. पण ते तपासणाऱ्याने ठरवायचे, आपण नाही. शौचाची सवय बदलणे, वजन उतरणे, कारण नसता थकवा आणि रक्त कमी होणे, हेही दाखवायला हवे. पाळीवर ढकलून मोकळे होऊ नये.

माझी भाची आज इथे आली आहे. हळदीकुंकू झाल्यावर ती शिवणवर्गाच्या मागच्या खोलीत बसेल. ज्यांना काही विचारायचे असेल त्यांनी एकेकीने आत जावे. दार लावून घेतले जाईल, आणि कोण गेले याची नोंद आमच्या कोणत्याही वहीत होणार नाही.