चाकांवरचे स्वयंपाकघर



मुंबईत लालबागला एक गॅस कंपनी गल्ली आहे. कंपनी राहिली नाही, नाव तेवढे राहिले. १८६५ साली मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. त्या वेळचा गॅस दगडी कोळसा तापवून काढीत आणि नळांतून खेळवीत. पुढे १९५५ साली बर्मा शेल कंपनीने याच मुंबईत गॅसची टाकी विकायला सुरुवात केली आणि गिरगाव-परळच्या चाळींतला स्टोव्ह, त्याची ती पिन, हळूहळू मागे पडली.

आता ही टाकी चाकांवर चढली आहे. बिछाना, मोरी, ओटा, सारे गाडीतच! या फिरत्या घराला कॅराव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही मंजूर केले. आपण म्हणाल, ही शहरी हौस. आम्हां खेड्यातल्या माणसांना तिचे काय? पण पंढरीच्या वाटेवर दिंडीच्या ट्रकमध्ये शेगडी असते, शाळेच्या सहलीबरोबर टाकी निघते. तेव्हा प्रश्न सगळ्यांचाच आहे.

मुळात हा गॅस वागतो कसा, ते पाहू. कोळशाचा जुना गॅस हवेहून हलका होता. आज महानगर गॅसच्या नळाने मुंबईत येतो तो नैसर्गिक वायूही हलका. गळला तर वर जातो, वरच्या झरोक्यातून निघून जाऊ शकतो. टाकीतला गॅस मात्र हवेच्या दीडपट ते दुप्पट जड. तो पाण्यासारखा खाली उतरतो, जमिनीलगत पसरतो, खोलगट जागी साचून राहतो. टाकीत तो द्रवरूप असतो. बाहेर पडला की त्याचा अडीचशेपट वायू होतो. हवेच्या शंभर भागांत याचे दोन भाग मिसळले, की एक ठिणगी पुरे. त्याला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य घालतात.

६ डिसेंबर २०२० च्या सकाळी लालबागच्या गणेश गल्लीतल्या साराभाई इमारतीत गॅस गळून स्फोट झाला. अनेकजण भाजले, काही पुढे दगावले. २६ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे मदुराई स्थानकात उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या खास डब्याला आग लागली. बंदी असताना डब्यात टाकी नेली होती. नऊ माणसे गेली. चाळीच्या खोलीला निदान दार-खिडक्या तरी असतात. गाडी म्हणजे बंद पेटीच! तेव्हा फिरत्या घरात पहिला प्रश्न ‘शेगडी कुठे?’ हा नव्हे. गळलेला गॅस खाली कुठून बाहेर पडेल, हा पहिला प्रश्न.

याचे उत्तर असे. टाकीसाठी वेगळा कप्पा करावा. त्याचे दार बाहेरून उघडावे. राहण्याच्या जागेत त्याची एकही फट नको. कप्प्याच्या तळाला भोक हवे, म्हणजे गळलेला गॅस थेट रस्त्यावर उतरेल. मात्र ते भोक इंजिनाच्या धुराच्या नळीपासून दूर असावे. टाकी उभीच ठेवावी. आडवी केली तर वायूऐवजी द्रवच नळीत शिरतो. खड्ड्यात हलू नये म्हणून तिला खाली आणि वर, दोन ठिकाणी, पट्ट्याने घट्ट आवळावे. गाडीतून जाणारी नळी धातूची, जागोजाग पकडीने बसवलेली असावी. रबरी नळी शेवटच्या हातभर अंतरापुरतीच. शेगडी अशी घ्यावी, की ज्योत विझली तर गॅस आपोआप तुटेल. गळतीची घंटा फरशीजवळ लावावी. गॅस खाली साचतो, मग छताची घंटा काय कामाची? आग विझवण्याचे नळकांडे दाराशी हवे. आणि गाडी हलण्यापूर्वी टाकी बंद, हा नियम मोडू नये.

परदेशांत अशा गाडीची टाकी पंपावर भरता येते. शेकडा ऐंशी भरली की आत जाणारा गॅस आपोआप थांबतो. उन्हाने द्रव फुगतो, त्याला जागा लागते. आपल्याकडे टाकी भरायची ती कारखान्यातच. एका टाकीतून दुसरीत गॅस ओतणे बेकायदा आणि जिवावरचे. घरची १४.२ किलोची टाकी घरासाठीच असते. प्रवासाला ५ किलोची छोटी टाकी पत्त्याचा दाखला न देताही मिळते. घेताना टाकीच्या डोक्याच्या पट्टीवरचे अक्षर वाचा. ‘ए’ म्हणजे मार्चअखेर, ‘बी’ जूनअखेर, ‘सी’ सप्टेंबरअखेर, ‘डी’ डिसेंबरअखेर; पुढे वर्षाचा आकडा. ती मुदत उलटली असेल तर टाकी परत करा. गाडीच्या मूळ बांधणीत बदल करायचा तर आर.टी.ओ.ची मंजुरीही आधीच घ्यावी लागते.

जोडणी झाली, की साबणाचा फेस सांध्यांवर लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून गळती पाहू नये, हे सांगायला नकोच! वास आला तर विजेचे बटन लावू नका, बंदही करू नका. टाकी बंद करा, दारे उघडा, माणसे खाली उतरवा आणि लांब जाऊन १९०६ ला फोन लावा.

शिक्षकबंधुभगिनींनो, वर्गात एक प्रयोग करून पाहा. रुंद भांड्यात कमी-अधिक उंचीच्या तीन मेणबत्त्या पेटवा आणि तळाशी खाण्याच्या सोड्यावर व्हिनेगर ओता. सगळ्यांत बुटकी मेणबत्ती आधी विझेल, मग मधली. हा कर्बवायू आग विझवतो, टाकीतला गॅस भडकवतो, हा फरक मुलांना अवश्य सांगा. पण जड वायू तळापासून भरत कसा येतो, हे त्यांना डोळ्यांनी दिसेल. मग सहलीच्या गाडीत टाकी चढताना एखादे पोर विचारील, ‘गुरुजी, खाली भोक आहे का?’ त्या प्रश्नाला होकारार्थी उत्तर देता आले, तरच गाडी हलवावी. नसेल, तर डबे बांधून घ्यावेत. पिठलं-भाकरी थंडही गोड लागते.