वीजकेंद्रांतील अदृश्य हात

घरांतील बटन दाबतांच दिवा लागतो, नळ सोडतांच पाणी येतें. यामागें आज केवळ तारा आणि नळ नसून संगणकांचें एक मोठें जाळें असतें. तें जाळें शत्रूच्या हातीं गेलें तर काय होतें, हें युक्रेन देशानें अनुभविलें आहे.

ता. २३ डिसेंबर २०१५. ऐन थंडीचे दिवस. दुपारीं साडेतीनच्या सुमारास इव्हानो-फ्रँकिव्हस्क प्रांतांतील वीजकंपनीच्या नियंत्रणकक्षांत पडद्यावरील बाण आपोआप सरकूं लागला आणि एकामागून एक उपकेंद्रांचे खटके पाडूं लागला. समोर बसलेल्या चालकाला यंत्र जुमानेना. अर्ध्या तासाच्या आंत तीन कंपन्यांवर असा घाला पडला आणि सुमारें २,२५,००० ग्राहक अंधारांत गेले.

या घाल्याची तयारी कित्येक महिने आधीं सुरू झाली होती. कार्यालयांतील लोकांना ई-मेलनें साधे दिसणारे दस्तऐवज आले. कांहींनीं ते उघडले आणि 'ब्लॅकएनर्जी' नांवाचा घातक प्रोग्रॅम आंत शिरला. कर्मचाऱ्यांचे परवलीचे शब्द चोरले गेले. दुरून काम करण्याच्या सोयीसाठीं नियंत्रणकक्षाकडे एक वाट ठेविलेली होती. तिच्यावर परवलीच्या शब्दावांचून दुसरी खूण कोणी विचारीत नव्हतें. त्याच वाटेनें शत्रु आंत गेला. वीज तोडल्यावर त्यानें उपकेंद्रांशीं संपर्क राखणारीं उपकरणें निकामी केलीं, आणि तक्रारी घेणारे दूरध्वनि खोट्या हांकांनीं अडवून धरले.

मग दिवे लागले कसे? माणसें उपकेंद्रांवर गेलीं आणि त्यांनीं हातांनीं खटके पूर्ववत् बसविले. एक ते सहा तासांत वीज परत आली. खटके हातानें फिरविण्याची सोय आणि तें काम जाणणारीं माणसें शिल्लक होतीं, म्हणूनच हें साधलें.

कारखान्यांतील यंत्रांचें रक्षण घरच्या संगणकापेक्षां अवघड असतें. जलशुद्धीकरण केंद्र दुरुस्तीसाठीं वाटेल तेव्हां थांबवितां येत नाहीं. शिवाय पुष्कळशीं नियंत्रक यंत्रें भोळीं असतात. १९७९ सालीं निघालेली 'मॉडबस' ही यंत्रांची संभाषणपद्धति आजहि रूढ आहे. तिच्या मूळ रूपांत आज्ञा कोणाची, हें विचारण्याची तरतूदच नाहीं. यंत्राला शंका येत नसल्यानें ती माणसानेंच घ्यावयास हवी.

म्हणून कार्यालयाचें जाळें आणि यंत्रांचें जाळें वेगळें असावें. दोहोंमधील दार अरुंद व पहाऱ्याखालीं असावें. बाहेरून येणाराकडे ओळखीच्या दोन खुणा मागाव्या. दुरुस्ती करणाऱ्या कंपनीला प्रवेश द्यावा तो कामापुरता, आणि काम संपतांच बंद करावा. प्रोग्रॅमांच्या शुद्ध प्रती जाळ्याबाहेर जपून ठेवाव्या. आणि वर्षांतून एकदां तरी, संगणक नाहींच असें समजून, सारें काम हातानें करून पाहावें. खर्चाची काटकसर म्हणून ही शेवटची तालीमच बहुधा प्रथम वगळली जाते. युक्रेनमध्यें त्या रात्रीं दिवे लागले ते मात्र हातानें काम करतां येण्याच्याच बळावर.