वेट म्हणजे थांबणे की वजन?
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आपण एबीसीडी गिरवली ती पाचवीत. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली, तोवर आपली दहावी झाली होती. सर फळ्यावर स्पेलिंग लिहायचे, आपण त्याखाली देवनागरीत उच्चार लिहायचो. माझ्या वहीत पश्चिम म्हणजे वेस्ट, बनियन म्हणजे वेस्ट आणि वाया घालवणे म्हणजेही वेस्ट!

यात सरांची चूक नव्हती. मराठीत 'व' एकच, इंग्रजीत दोन. एकाला खालचा ओठ दातांना लागतो, दुसऱ्याला ओठांचा चंबू होतो. 'ए'चंही तेच. शिवाय बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ फारसं पाळत नाही. म्हणून मराठीच्या पेपरात 'दिन' आणि 'दीन' चुकायचं, आणि इंग्रजीत जहाज आणि मेंढी एक व्हायची. तेलुगूत मात्र ऱ्हस्व-दीर्घानं अर्थच बदलतो, त्यामुळे तेलुगू घरच्या मैत्रिणींना ते सहज जमायचं. पण त्यांच्यातल्या काहींच्या तोंडी झिरोचा जिरो व्हायचा. मग त्या आपल्याला हसायच्या, आपण त्यांना!

इंजिनिअर होऊन पुण्यात नोकरीला लागले आणि हे हसू आटलं. परदेशी लोकांसोबतच्या मीटिंगमध्ये मी तोंडच उघडत नव्हते. उत्तर येत असलं तरी टाइप करून पाठवायचे. माझं काम दुसरंच कुणी बोलून दाखवायचं. अशी चार वर्षं गेली.

एका रात्री मात्र बोलावंच लागलं. एका सर्व्हरवर किती भार द्यायचा, तो आकडा बदलायचा होता. मी फोनवर म्हटलं, "वेट तीस करा." पलीकडच्या अमेरिकन सहकाऱ्यानं भाराऐवजी थांबण्याची वेळ तीस सेकंद केली. अर्धा तास सगळं काम रखडलं. मी म्हणाले, "माफ करा, माझा उच्चार वाईट आहे." तो हसला. म्हणाला, "अहो, हे दोन्ही शब्द आम्हीही एकसारखेच म्हणतो. चूक माझी, मी विचारायला हवं होतं."

त्या रात्री मला झोप आली नाही. पुढे कान देऊन ऐकू लागले. अमेरिकेत लेखक आणि स्वार, म्हणजे रायटर आणि रायडर, जवळजवळ सारखेच ऐकू येतात. लंडनकडचे लोक व्यंजनाआधीचा 'र' गाळतात, म्हणून 'पकडले' आणि 'न्यायालय' हे त्यांचे शब्द एक होतात. आपण 'र' ठणकावून म्हणतो, आपल्याकडे ते वेगळेच राहतात. ज्याची त्याची बोली, ज्याचा त्याचा घोटाळा.

आता मी मीटिंगमध्ये बोलते, उमरीच्याच उच्चारात. नुसतं 'वेट' म्हणत नाही, 'सर्व्हरचा वेट' म्हणते. समोरच्याचं कळलं नाही तर पुन्हा विचारते. नव्यानं आलेली खेड्यातली मुलगी मीटिंगमध्ये गप्प बसली, की तिला आधी बोलायला लावते.

सर, वर्गात मी अडखळले की तुम्ही म्हणायचात, "अगं, घाबरायलीस कशाला? चुकलं तर चुकलं, मोठ्यानं म्हण." ते कळायला मला फार उशीर झाला. आज तुमच्यासमोर मोठ्यानं म्हणते, धन्यवाद.