येळवशीला घरी

डिसेंबर लागला की मुंबईत आमच्या ऑफिसातली माणसं कॅलेंडर काढून बसतात. नाताळ कुठल्या वारी येतो, त्याला शनिवार-रविवार जोडता येतो का, याचा हिशेब सुरू होतो. कुणी गोव्याला जातं, कुणी महाबळेश्वरला. मी त्याच कॅलेंडरात मार्गशीर्षातली अमावास्या शोधतो. मुसलमान माणूस अमावास्या कशाला शोधतो, म्हणून शेजारच्या टेबलावरचे सहकारी दरवर्षी हसतात. मीही दरवर्षी सांगतो, अहो, आमची येळवस आहे!

लातूर, धाराशिव आणि पलीकडे बीदरच्या भागात वेळा अमावास्येला अख्खं गाव शेतात जेवायला जातं. तीच आमची येळवस. रब्बीची ज्वारी उभी असते, हरभरा बहरात असतो. शेतात कडब्याची कोप करतात, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात. आमच्या शेतात कोप नसते, ती बांधापलीकडे अण्णांच्या शेतात असते. त्यांची पूजा होई, इकडे आमचे अब्बा खिरीच्या भांड्यावर फातेहा देत, आणि मग दोन्हीकडची मंडळी एका झाडाखाली जेवायला बसत. अब्बा गेले, पण पंगत अजून एकच आहे. जेवणही दोन्हीकडे सारखंच. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे आणि गव्हाची खीर. भज्जी म्हणजे कांदाभजी नव्हे. तूर, वाटाणा, हरभरा, वाल यांचे ओले दाणे, गाजर, मेथी, कांद्याची पात असं सगळं ताकात कालवलेल्या बेसनात शिजवलेलं असतं. ते दाणे सोलायला घरातल्या बायकांची आदली रात्र जाते. हे मी आज सांगतो आहे. पूर्वी मला फक्त चव माहीत होती.

माझ्या तरुणपणी गावी जायचं म्हणजे कुर्डुवाडीला गाडी बदलावी लागे. तिथून बार्शीमार्गे लातूरला जाणारी छोटी, नॅरोगेजची गाडी. तिच्या संथ चालीवर आम्ही पोरं विनोद करायचो. २००८ पर्यंत तो मार्ग रुंद झाला. आता रात्री मुंबईत गाडीत बसलं की सकाळी लातूर. अंतर कमी झालं, तसा माझा मुक्कामही कमी झाला. पूर्वी आठ दिवस राहायचो, आता दोन.

घरी पोचलो की अम्मा आमच्या दखनी बोलीत पहिला प्रश्न विचारते, "कब निकलता रे फिर?" आल्या पावली जाण्याचं विचारते, म्हणून माझा जीव कासावीस होई. या प्रश्नावर मी मराठीत एक कविताही लिहिली. गाव, बांध, ज्वारी, अम्मा यांवर तर पुष्कळ लिहिल्या. एकदा थोरल्या भावाला वाचून दाखवल्या. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चांगलं आहे. पण ह्यात बांध घालणारं कुणी दिसत नाही."

मला तेव्हा राग आला होता. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या फेरीत दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी गेलं. ती बातमी मी मुंबईत चहा पिताना वाचली. ते पाणी शहरासाठी होतं. आमच्या गावाला टँकर होता, आणि टँकरपाशी ओळीत घागरी लावून भाऊ-भावजय उभे होते. त्या वर्षी भावाने जमीन विकली असती, तर त्याला बोल लावायचा मला काही अधिकार नव्हता. त्याने ती विकली नाही.

तरीही खरी गोष्ट मला कळली ती आणखी आठ वर्षांनी. आदल्या साली अधिक महिना आल्यामुळे २०२४ मध्ये येळवस दोनदा आली. आधी ११ जानेवारीला, मग ३० डिसेंबरला. जानेवारीत जेवण झाल्यावर मी भाबीला आनंदाने म्हणालो, "भाबी, यंदा मी दोनदा येणार!" ती खिरीचं पातेलं घासत होती. मान वर न करता म्हणाली, "आओ ना. मेरे मैके में भी येळवस रहती. अठ्ठाईस बरस हुए, देखी नहीं."

तक्रारीचा सूर नव्हता. पाऊस पडला नाही, असं सांगावं तसं तिने सांगितलं. तिचं माहेर आमच्या गावापासून चार कोसांवर आहे. तिची म्हातारी आई तिथे आहे. अठ्ठावीस वर्षं आम्ही भावंडं मुंबई-पुण्याहून येत राहिलो, म्हणून ती चार कोस जाऊ शकली नाही. माझ्या घरी जाण्याच्या इतक्या कविता, आणि हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

डिसेंबरात आम्ही शनिवारीच गावी पोचलो. रविवारी सकाळी भावाने भाबीला मोटारसायकलवरून माहेरी सोडलं. त्या रात्री माझी बायको, मुलं आणि मी दाणे सोलायला बसलो. अम्मा बाजेवरून हुकूम सोडत होती. बारा वाजले तेव्हा तुरीची टोपली जेमतेम निम्मी झाली होती. दुसऱ्या दिवशी भज्जी बुडाला लागली, आंबिलीत गुठळ्या झाल्या. अण्णा भले माणूस. म्हणाले, "भज्जीला धुराचा वास झकास लागलाय." भाऊ काही बोलला नाही, पण दुसऱ्यांदा वाढून घेतली.

मंगळवारी भाबी परतली, हातात आईने दिलेला भज्जीचा डबा. आम्ही केलेली तिने चाखून पाहिली आणि उरलेली मुकाट्याने म्हशीपुढे नेऊन ठेवली! त्या रात्री ती कितीतरी वेळ माहेरच्या शेताविषयी बोलत होती. तिला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

अम्माच्या प्रश्नाचा अर्थही तेव्हा लागला. ती कासावीस होऊन विचारत नसे. वाटेसाठी भाकरी किती करायच्या, हे तिला भाबीला सांगायचं असे.

आपण घरी जाऊ शकतो, कारण तिथे कुणीतरी थांबलेलं असतं. यंदा सुट्टीत गावी गेलात, तर चूल सांभाळणाऱ्या बाईला एवढंच विचारा, "तुम्हाला कुठं जायचंय का?" आणि मग एक दिवस लवकर पोचा.