आधी एक कुंडी जगवा



मागच्या सभेत बऱ्याच जणींनी विचारलं, शहरात घरोघरी कुंडीत ठेवतात तो अरेका पाम आपल्या गटाला तयार करून विकता येईल का? येईल की! पण कर्जाची मागणी करायच्या आधी थोडं ऐका.

हे झाड मूळचं मादागास्कर बेटावरचं, उबदार आणि दमट हवेतलं. त्याला उजेड हवा, पण दुपारचं कडक ऊन नको, पानं करपतात. ओटीवर किंवा खिडकीजवळ ठेवा.

घरातला पाम बहुतेक वेळा जास्त पाण्यानंच मरतो. माझा पहिला पाम मी असाच घालवला. रोज तांब्याभर पाणी, आणि कुंडीला खाली भोकच नाही! पानं पिवळी पडली, मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी ओतलं. मुळं कुजून गेली. तेव्हा कुंडीला भोक हवंच. मातीत वाळू आणि शेणखत मिसळा. बोट दोन पेरं मातीत घालून बघा, कोरडं लागलं तरच पाणी द्या. बोअरचं पाणी खारट असेल तर पानांची टोकं तपकिरी होतात.

बियांपासून विकण्याजोगं झाड व्हायला वर्षभर तरी लागतं. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला येतो. म्हणून आधी प्रत्येकीनं घरात एकच कुंडी जगवून दाखवा. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा झाड टिकलं, की कर्जाचा ठराव आपण सगळ्या मिळून घेऊ.