वजनाचा दोष कोणाचा?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



माझ्या ओळखीची दहावीतील एक मुलगी कित्येक महिने डबा न खाताच घरी परत नेत असे. वर्गात तिला ‘जाडी’ म्हणत, घरी अम्मी म्हणे, “जिभेला आवर घाल.” अखेर रक्त तपासले, तेव्हा तिची थायरॉइड ग्रंथी मंदावल्याचे कळले. दोष मुलीचा नव्हता, आपल्या समजुतीचा होता.

खाणे वजा व्यायाम म्हणजे वजन, असा हिशोब आपण मांडतो. शरीर इतके सोपे गणित मानीत नाही. कॅनडात तंतोतंत सारख्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्यांना ८४ दिवस रोज १००० उष्मांक जादा खाऊ घातले. १९९० साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. कोणाचे वजन ४ किलोंनी वाढले, तर कोणाचे १३ किलोंनी. मात्र एकाच जोडीतील भावांची वाढ बरीचशी सारखी होती. आनुवंशिकतेचा हा प्रभाव आहे.

१९९४ साली लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागला. चरबीतून निघणारे हे द्रव्य शरीरातील साठ्याची खबर मेंदूला देते. साठा घटला की भूक वाढते. उपाशी राहून उतरविलेले वजन पुन्हा चढते, त्याचे हे एक कारण. अपुरी झोप, स्टेरॉइडसारखी औषधे आणि मुलींमधील बीजकोशांचे विकार यांनीही वजन वाढते.

उलट, सडपातळ माणसानेही निश्चिंत राहू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! बारीक दिसणाऱ्या भारतीयांनाही मधुमेह का गाठतो, याचा उलगडा यातून होतो.

आहार-व्यायाम सोडा, असे मी मुळीच म्हणत नाही. ते प्रत्येकाला हितकारकच आहेत. पण पालकांनो, मुलाला टोमणा मारण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा. आणि विद्यार्थी मित्रांनो, सोबत्याच्या अंगावरून त्याची परीक्षा करू नका. ती मुलगी आता औषध घेते, आणि डबाही खाते.