पाणी कुणाच्या विहिरीला?

परक्या मुलखातल्या गरीब गावात सेवेला जाणाऱ्या माणसांविषयी आज थोडे बोलायचे आहे. अमेरिकेत उन्हाळ्याची सुट्टी लागली की चर्चमधली तरुण मुले-मुली गटागटाने निघतात. कुणी ग्वाटेमालाला, कुणी होंडुरासला, कुणी केनियाला. आठ-पंधरा दिवस राहायचे, शाळेची भिंत रंगवायची, आरोग्य शिबिर भरवायचे, लेकरांबरोबर गाणी म्हणायची आणि परत यायचे. दरवर्षी लाखो माणसे अशी जातात. त्यांच्या मनातला चांगुलपणा खोटा नसतो. पण ज्या गावात ती जातात त्या गावाला काय वाटते, हे फार कमी वेळा विचारले जाते.

मला हा प्रश्न पडतो, कारण मी निमगाव केतकीचा. आमचा बारामती-इंदापूरचा भाग आज उसाचा, डाळिंबाचा, साखर कारखान्यांचा म्हणून ओळखला जातो. आमच्या गावाचे नाव पानमळ्यांमुळे झाले. पण नीरा डाव्या कालव्याचे पाणी जिथे पोचते, तिथवरच ही हिरवाई. कालव्याच्या वरच्या अंगाला जिरायत, कुसळे आणि आभाळाकडे लागलेले डोळे. साठ वर्षांपूर्वी परदेशी चर्चच्या दृष्टीने दूरदेशीचा गरीब मुलूख म्हणजे आम्हीच होतो.

बारामतीत ऑस्ट्रेलियातल्या 'चर्चेस ऑफ ख्राइस्ट' या पंथाचे मिशन विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होते. तिथली माणसे पंधरा दिवसांची पाहुणी नव्हती. ती वर्षानुवर्षे राहिली, मराठी बोलायला शिकली. १९६० च्या दशकात पावसाने ओढ दिली तेव्हा अन्नधान्य घेऊन पुढे आलेल्यांत हे मिशन होते. त्यांच्यामागे 'कासा' ही संस्था होती. फाळणीच्या निर्वासितांसाठी १९४७ साली भारतातल्या चर्चनी उभी केलेली ती मदत संस्था. गहू बराचसा अमेरिकेचा. तिथे पिकून उरलेले धान्य १९५४ च्या 'पीएल ४८०' कायद्याने गरीब देशांना मिळे, आणि त्यातला काही भाग चर्चच्या संस्थांमार्फत वाटला जाई.

सुरुवातीला हे धान्य गरजूंना नुसते वाटले जाई. पुढे रीत बदलली. १९६७ साली बारामतीतून पहिल्यांदा आमदार झालेले शरद पवार, मिशनची माणसे आणि 'कासा' यांनी मिळून ठरवले, की धान्य फुकट द्यायचे नाही, कामाचा मोबदला म्हणून द्यायचे. आणि काम कोणते? तर पाझर तलावाचे. बारामतीजवळच्या तांदूळवाडीला पहिला तलाव झाला आणि मग एकामागून एक होत गेले. याच कामाच्या ओघात १९७१ साली अप्पासाहेब पवारांच्या पुढाकाराने बारामतीचा अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उभा राहिला.

शहरातल्या श्रोत्यांसाठी पाझर तलाव म्हणजे काय ते सांगतो. ओढ्याला आडवा मातीचा बांध घालायचा. बांधाच्या पोटात काळी माती दाबून भरायची, बाहेरून मुरूम चढवायचा, पाण्याच्या बाजूने दगड लावायचे. या तलावातून पाट काढायचा नसतो. पाणी तिथे साठून राहावे अशीही अपेक्षा नसते. ते हळूहळू जमिनीत जिरते, मुरमातून वाट काढते आणि खालच्या शिवारातल्या विहिरींना पाझर फुटतो. डोळ्यांना तलाव आटलेला दिसतो, तेव्हा त्याचे काम झालेले असते.

फुकट वाटलेला गहू आणि कामावर मिळालेला गहू, दाणा एकच. पण एकासाठी हात पसरावा लागतो आणि दुसऱ्यासाठी त्याच हातात कुदळ असते. शिवाय बांध घालायचा म्हटले की गावाला विचारावेच लागते. ओढा कुठे फुगतो, काळी माती कुणाच्या रानात, खडक कुठे वर आलेला, हे शेरडामागे हिंडणाऱ्या पोराला जेवढे ठाऊक असते तेवढे परगावच्या इंजिनिअरला पहिल्या दिवशी ठाऊक नसते. म्हणजे गावाने नुसते घेतले नाही. श्रम दिले आणि शहाणपणही दिले. पाहुणे गेले, गहू संपला, तरी बांध जागेवर राहिला.

योगायोग पाहा. १९६८ च्या एप्रिलमध्ये इव्हान इलिच नावाच्या विचारवंताने मेक्सिकोत सेवेला जाणाऱ्या अमेरिकन तरुणांपुढे भाषण केले. इलिच स्वतः कॅथलिक धर्मगुरू. त्याने त्या मुलांना तोंडावर सांगितले, की इथे हिंडायला या, डोंगर चढायला या, शिकायला या. पण आम्हाला मदत करायला येऊ नका. ज्यांची भाषा येत नाही, ज्यांचे जगणे ठाऊक नाही, त्यांच्यावर तुम्ही तुमचा चांगुलपणा लादता, असा त्याचा आक्षेप होता. बोलणे कडू होते. पण सेवेला निघालेल्या प्रत्येकाने ते एकदा ऐकावे असे मला वाटते.

भाषेचा मुद्दा तर मला कवी म्हणून फारच जवळचा. कॅनडातून आलेले डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत इस्पितळ उभे केले. ते या देशात चाळीस वर्षांच्या आसपास राहिले आणि इथल्याच मुलांना त्यांनी वैद्यकाचे शिक्षण दिले. रोग्याचे दुखणे त्याच्याच बोलीत ऐकायचे तर मुक्काम लांबवावा लागतो. 'पोटात कालवतंय' आणि 'पोटात गोळा येतोय' यांतला फरक पंधरा दिवसांत कळत नाही.

आता जरा अवघड गोष्ट. पाझर तलावाचे पाणी जमिनीत जिरते आणि विहिरीत येते, हे खरे. पण कुणाच्या विहिरीत? ज्याची जमीन तलावाच्या खाली आणि ज्याच्याकडे विहीर पाडायला पैसा, त्याच्या. बांधावर माती टाकायला आलेल्यांत भूमिहीन किती तरी होते. मागासवर्गीय वस्तीतले, भटके, आमच्या मोहल्ल्यातलेही. त्यांना गहू मिळाला, तेल मिळाले, चूल पेटली. त्यांचे मोल थोडे नव्हते. पण ते खाऊन संपले, आणि पाणी राहिले ते सातबारा असलेल्याकडे. आमच्या भागातल्या अशा कामावर गेलेल्या एक म्हाताऱ्या मावशी म्हणायच्या, "बाबा, घाम आमचा सांडला, पण मोट दुसऱ्याची चालली." या वाक्यात राग नव्हता. हिशेब होता.

हा हिशेब मांडणारे आपल्याच जिल्ह्यात निघाले. पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात गेले. तेही तसे बाहेरचेच. नायगावला त्यांनी देवस्थानची चाळीस एकर माळरान जमीन कसायला घेतली, पाणी अडवले आणि पाणी पंचायत सुरू केली. तिचा नियम असा, की पाणी जमिनीच्या मापाने नाही, घरातल्या माणसांच्या मोजणीने. माणशी अर्ध्या एकराचे, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. उसाच्या मुलखात राहून मी हे सांगतो आहे, तेव्हा हा नियम पाळायला किती अवघड ते मला माहीत आहे. पण सेवा न्यायापर्यंत पोचली का, हे तपासायला यापेक्षा चांगली कसोटी मला सापडलेली नाही.

दुसरी एक गोष्ट १९७२ नंतर घडली. मिलोची लाल ज्वारी, सुकडी आणि खडी फोडायचे काम, ही त्या दुष्काळाची आठवण. मी तेव्हा अगदी लहान, पण आमच्या घरात ती आठवण कायम बोलण्यात असे. त्या अनुभवातून महाराष्ट्राने रोजगार हमी आणली आणि १९७७ साली तिचा कायदा केला. मिशनच्या गव्हाबद्दल आभार मानावे लागत. कायद्याने दिलेले काम मागून घेता येते, नाही मिळाले तर तहसीलदाराच्या दारात बसता येते. उपकाराचा हक्क झाला की गरिबाची मान ताठ होते. चांगल्या सेवेने आपला शेवट असा हक्कात व्हावा, अशी इच्छा धरली पाहिजे.

काही जण विचारतील, गव्हाबरोबर धर्मही आला होता का? मिशन म्हटल्यावर ही शंका येणारच, आणि दुष्काळात अन्नाच्या आधाराने धर्म बदलल्याचा इतिहासही आहे. भुकेल्या माणसाच्या श्रद्धेचा सौदा कुणीच करू नये, माझ्या धर्माच्या माणसाने तर नाहीच नाही. पण पाझर तलावापुरते बोलायचे तर मुरमातून जिरणारे पाणी विहीरमालकाची जात आणि धर्म विचारत नाही. आमच्याकडे 'सदका-ए-जारिया' म्हणतात. देणारा गेला तरी चालू राहणारे दान. त्यात पाण्याची सोय करणे फार मोठे मानले आहे. ऑस्ट्रेलियातून आलेल्या त्या ख्रिस्ती माणसांना हा शब्द ठाऊक असेल-नसेल, काम मात्र त्याच जातीचे झाले.

आणखी एक. सेवा करणाऱ्याला घेताही आले पाहिजे. आषाढी वारीत तुकोबांची पालखी आमच्या गावात मुक्कामाला येते. गाव त्या दिवशी भाकरीच्या टोपल्या घेऊन रस्त्यावर उभे असते. ज्याच्या घरी चार भाकरी, तो दोन देतो. गरिबाला देण्याची संधी मिळते, म्हणून तो दिवस सणाचा. जो पाहुणा नुसता देतच राहतो आणि आपल्या घरचा चहासुद्धा घेत नाही, तो कितीही भला असला तरी आपल्याला लहान करून जातो.

हे सारे परदेशी चर्चलाच लागू आहे असे मानू नका. महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरे होतात. कंपन्यांच्या गाड्या एका दिवसासाठी येतात, रोपे लावतात, फोटो काढतात. पुढच्या उन्हाळ्यात त्या रोपांना पाणी कुणी घालायचे, हे मात्र कुणी ठरवलेले नसते. इकडे जुन्या पाझर तलावांत गाळ साचतो आणि पाणी जिरेनासे होते. नवे लावण्यापेक्षा तो गाळ काढणे कमी शोभेचे, पण जास्त उपयोगाचे.

तेव्हा सेवेला जरूर जा. जाण्याआधी त्या गावातल्या पाणी वाहणाऱ्या बाईला तीन गोष्टी विचारा. तुम्हाला काय हवे? यातले तुम्ही काय करणार आणि आम्ही काय करायचे? आणि हे काम झाल्यावर पाणी कुणाच्या विहिरीला येणार? तिसऱ्या प्रश्नाला ती बहुधा लगेच बोलणार नाही. आजूबाजूला कोण आहे ते आधी पाहील. तिचे उत्तर येईपर्यंत थांबायची तयारी ठेवा आणि मगच फावड्याला हात घाला.